भारत धर्मशाळा असता तर बरं झालं असतं

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. खरं तर हे लिहायचं की नाही यावर बराच घोळ घातला. कारण इथे येऊन वाचणाऱ्यांत निम्मे माझे नातेवाईक आहेत आणि ज्यांच्याशी माझं भांडण आहे तेही त्यांच्यातच आहेत. तोंडावर भांडलो असतो तर सणाचा दिवस नासला असता. तेव्हा गप्प बसलो आणि ते गप्प बसणंच आता पचत नाहीये. म्हणून हा खटाटोप.

तर झालं असं. 2025 ची भाऊबीज. आमच्या मेहकरच्या घरी ओसरीवर सतरंजी टाकून दहा-बारा जण बसलेलो. सोयाबीन निघालेलं, हमीभाव 5,328 रुपये आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली, त्यामुळे सुरुवात सोयाबीनपासूनच झाली. तिथून गाडी आली माझ्या भाच्यावर.

भाचा 2022 साली स्टुडंट व्हिसावर कॅनडाला गेला. ऑन्टारिओत दोन वर्षांचा डिप्लोमा केला. मनासारखी नोकरी काही लागली नाही, म्हणून दुसऱ्या एका कोर्सला नाव घातलं. शिकायची हौस म्हणून नव्हे, नाव घातल्याशिवाय तिथे राहता येत नाही म्हणून. ताई-भाऊजींनी जमीन गहाण ठेवून कर्ज काढलेलं. आता पुढची फी भरायला पैसे नाहीत. अशा वेळी तिथल्या कुणा एजंटानं त्याला सांगितलं, 'असायलम'चा अर्ज टाक. म्हणजे काय, तर भारतात माझ्या जिवाला धोका आहे, मला परत पाठवू नका, आश्रय द्या, असं लिहून द्यायचं. अर्जाचा निकाल लागेपर्यंत काम करायचा परवाना मिळतो. निकाल काय, लागेल तेव्हा लागेल! गोष्ट एजंटच रचून देतो. पैसे घेऊन अर्थात.

मी विचारलं, "पण लिहिणार काय? मेहकरात याच्या जिवाला कोणाचा धोका आहे?"

आमचे एक काका म्हणाले, "लिहून द्याव काहीबी. कोन पाहाले येते इथं? पोराचं भलं होत असन तं कराव."

सगळ्यांनी माना हलवल्या. ताई काही बोलली नाही. बाकीच्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

मग चहा झाला. तेवढ्यात माझा फोन वाजला. पुण्याहून एका मुलाचा, दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला. तो अफगाण आहे. आमच्या पुण्याच्या सोसायटीत आमची एक छोटी वन-आरके होती, अजूनही आहे, तिथे तो भाड्यानं राहायचा. फोन ठेवल्यावर कोण म्हणून विचारणा झाली, मी सांगितलं. बामियानकडचा आहे, 2019 मध्ये शिकायला आला, इथे असतानाच तिकडे तालिबान आलं, आता पासपोर्ट संपत आलाय आणि परत जायची सोय नाही.

तेच काका, त्याच ओसरीवर, जेमतेम अर्ध्या तासानं म्हणाले, "शिकाले आला व्हता ना? झालं शिकनं. मंग जाव ना बापा आपल्या घरी! भारत काय धर्मशाळा हाय?"

आणि पुन्हा सगळ्यांनी माना हलवल्या. त्याच माना!

काका, रागावू नका. तुम्ही मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली आहे. पण त्या अर्ध्या तासात आपण सगळ्यांनी मिळून जे केलं त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. आपला पोरगा, ज्याला परत यायला कसलीच भीती नाही, त्यानं खोटं बोलून परक्या देशात आश्रय मागावा, ही हुशारी. आणि ज्याला खरोखर भीती आहे त्यानं खरं बोलून आपल्याकडे आश्रय मागितला, तर तो आगाऊपणा.

आता हे 'धर्मशाळा' प्रकरण. हा शब्द काकांचा नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठानं सुनावणीत, भारत म्हणजे जगभरच्या निर्वासितांना ठेवून घ्यायला धर्मशाळा नव्हे, अशा अर्थाची टिप्पणी केली. तेव्हापासून हा शब्द घराघरांत फिरतोय. तो खटला एका श्रीलंकन तमिळ माणसाचा होता, त्याला यूएपीए कायद्याखाली शिक्षा झालेली होती. त्या खटल्याच्या निकालाबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तो शब्द प्रत्येक परक्या माणसाच्या तोंडावर फेकायला आपल्याला मोकळा झाला, याबद्दल मात्र म्हणायचं आहे.

आणि म्हणायचं तेही मेहकरच्या माणसानं म्हणायचं आहे! अहो, आपल्या गावात धर्मशाळा आहे. यादवकाळातली, हेमाडपंती, दगडी खांबांची. बालाजीच्या दर्शनाला आणि कंचनीचा महाल बघायला येणारे पाहुणे तिच्याकडे फारसे फिरकत नाहीत, पण गॅझेटियर लिहिणाऱ्या इंग्रजांनासुद्धा ती दखल घेण्याजोगी वाटली होती. आठेकशे वर्षांपूर्वी या पैनगंगेच्या काठच्या गावात कुणाला तरी वाटलं की वाटसरूला रात्री डोकं टेकायला जागा पाहिजे, आणि ती तात्पुरत्या छपराची नको, दगडाची पाहिजे. त्या गावचे आपण 'धर्मशाळा' हा शब्द शिवीसारखा वापरतो.

बरं, धर्मशाळा म्हणजे काय हे तरी आठवा. लहानपणी पंढरपूरला, त्र्यंबकला आपण उतरलेलो आहोत. दारात मुनीम, त्याच्यापुढे लाल कापडात बांधलेली वही. नाव, गाव, माणसं किती, कुठून आलात, कधी जाणार. तीन दिवस राहायचं, चौथ्या दिवसासाठी विचारायचं. कोणी आजारी असेल, बाळंतीण असेल, तर मुनीम स्वतः येऊन बघायचा आणि मुदत वाढवायचा. दारू पिऊन गोंधळ घातला की रात्रीच वळकटी बाहेर. म्हणजे धर्मशाळेला नियम असतात. कोणाला ठेवायचं, किती दिवस ठेवायचं आणि कोणाला काढायचं हे ठरलेलं असतं, आणि येणाऱ्यालाही ते माहीत असतं.

भारतात निर्वासितांसाठी नेमकं हेच नाही! 1951 चा निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार आहे, 1967 चा त्याचा पुढचा मसुदा आहे, त्या दोन्हींवर भारताची सही नाही. ठीक, सही नसेना का. पण आपला स्वतःचा कायदाही नाही. इतकी वर्षं 1946 चा परकीय नागरिक कायदा चालला, 1 सप्टेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवा 2025 चा कायदा आला. नव्यातही निर्वासित आणि बेकायदा घुसलेला माणूस यांत फरक करणारी व्यवस्था नाही. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालच्या गटानं 1997 मध्ये निर्वासित कायद्याचा नमुना करून दिला, तो तसाच राहिला. शशी थरूर यांनी 2015 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये लोकसभेत आश्रयाविषयीचं खाजगी विधेयक मांडलं, त्याचंही पुढे काही झालं नाही.

मग चालतं कसं? तर ज्याचं त्याचं वेगळं. तिबेटी लोकांचं सरकार बघतं, श्रीलंकेतल्या तमिळांचं सरकार बघतं. अफगाण, म्यानमारचे वगैरे लोक दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात जातात. ते कार्यालय मुलाखत घेऊन कार्ड देतं, पण ते कार्ड म्हणजे भारत सरकारची परवानगी नव्हे. 2011 मध्ये गृह मंत्रालयानं एक कार्यपद्धती घालून दिली, त्यानुसार छळाची भीती खरी वाटली तर दीर्घ मुदतीचा व्हिसा देता येतो. देता येतो, द्यावाच लागतो असं नाही. हक्क म्हणून मागायला जागा नाही, मेहेरबानी म्हणून मिळाला तर मिळाला.

आता या मुलाची गोष्ट सांगतो, म्हणजे वरचं सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं ते कळेल. त्याचं नाव लिहीत नाही, कारण आई-वडील अजून तिकडे आहेत.

2019 च्या जुलैमध्ये तो खोली बघायला आला. पुण्यात अफगाण मुलं पुष्कळ. भारत सरकारची सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे आयसीसीआर, दर वर्षी अफगाण विद्यार्थ्यांना हजार शिष्यवृत्त्या द्यायची. हा बीबीएला होता. परदेशी भाडेकरू ठेवला की चोवीस तासांच्या आत 'फॉर्म सी' भरावा लागतो, हे मला त्यानंच शिकवलं. मी कॉम्प्युटरवर बसलो, तो शेजारी उभा राहून पासपोर्टचा नंबर वाचून दाखवत होता. हिला म्हणाला, आंटी, चहात साखर नको. एवढ्यावर आमची ओळख झाली.

15 ऑगस्ट 2021, रविवार. सकाळी सोसायटीत झेंडावंदन झालं, त्यालाही मुलांबरोबर जिलेबी दिली. त्याच दिवशी तालिबान काबूलमध्ये शिरलं. रात्री मी कचरा टाकायला खाली उतरलो तर तो जिन्यात बसलेला, फोन कानाला, बोलत काही नव्हता. पलीकडून कोणी उचलतच नव्हतं.

पुढच्या दहा दिवसांत सरकारनं काय केलं ते पहा. 17 ऑगस्टला अफगाण नागरिकांसाठी तातडीचा ई-व्हिसा जाहीर केला, सहा महिन्यांचा. छान वाटलं. 25 ऑगस्टला जाहीर केलं की जे अफगाण नागरिक त्या वेळी भारतात नाहीत त्यांना आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द, आता येणाऱ्यानं फक्त ई-व्हिसावरच यायचं. कोविडमुळे घरी गेलेले, ऑनलाइन शिकत असलेले कितीतरी विद्यार्थी तिकडेच अडकले. आपल्याच विद्यापीठांत नाव असलेले! डिसेंबर 2022 मध्ये तालिबाननं मुलींना विद्यापीठाचं दार बंद केलं. याची धाकटी बहीण शिकत होती, तीही घरी बसली. 2023 मध्ये आयसीसीआरनं हजार शिष्यवृत्त्या पुन्हा जाहीर केल्या, पण ऑनलाइन. शिका, पण तिकडेच बसून शिका.

आमचा हा मुलगा सुदैवानं इथे होता. पण स्टुडंट व्हिसा म्हणजे कोर्सला बांधलेला व्हिसा. कोर्स संपला की तोही संपतो. काम करायची परवानगी नाही. आता बीबीए संपल्यावर त्यानं काय करावं? परत जावं, तर तो हजारा. तालिबाननं त्या जमातीचं पूर्वी काय केलं ते साऱ्या जगानं पाहिलंय, आणि बामियानच्या बुद्धमूर्ती 2001 मध्ये कोणी उडवल्या तेही. म्हणून त्यानं एम.ए.ला नाव घातलं. ते झाल्यावर दुसऱ्या एम.ए.ला. आपल्या भाच्यानं केलं तेच! फरक एवढाच, की भाचा घरी येऊ शकतो.

आता माझी स्वतःची बाजू. इथपर्यंत वाचून 'दादा किती चांगले' असं कोणाच्या मनात आलं असेल तर थांबा.

2022 मध्ये त्याच्या व्हिसाची मुदतवाढ अडकली. अर्ज केलेला, पोच हातात, पण मंजुरी येईना. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला दोनदा विचारलं, तुमच्या त्या भाडेकरूची कागदपत्रं ठीक आहेत ना? पोलीस आले तर काय सांगायचं? मी घाबरलो. नियमानं बघितलं तर अर्ज चालू होता, घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण मी म्हटलं नको ती कटकट. त्याला वर बोलावलं आणि सांगितलं, महिन्याभरात दुसरीकडे बघ बाबा. तो म्हणाला, ठीक है अंकल. जाताना खोली झाडून, फरशी पुसून गेला. डिपॉझिटमधून लाइट बिल कापून घ्या म्हणाला.

व्हिसाची मंजुरी पुढे आली. मी ऐकलं, पण त्याला परत ये म्हटलं नाही. तोच मला प्रत्येक दिवाळीला आणि ईदला फोन करतो. तेव्हा काका, 'भारत धर्मशाळा हाय का' हे तुम्ही ओसरीवर नुसतं बोललात. मी ते तीन वर्षांपूर्वी करून मोकळा झालो होतो.

आता तुमच्या मुद्द्यांकडे येतो. एकेक घेतो.

पहिला मुद्दा, 'शिकायला आला तर शिकून जावं'. माणूस घर सोडताना जो असतो तोच शेवटपर्यंत राहतो असं कुठे आहे? हा आला तेव्हा विद्यार्थीच होता, खोटं काही बोलला नव्हता. त्याचा देश त्याच्या पाठीमागे बदलला. परदेशात असतानाच घरचा रस्ता बंद झाला तर तो माणूसही निर्वासितच, हे जगभर मान्य आहे. आणि आपल्याला तरी हे नवीन आहे का? बॅरिस्टर व्हायला 1906 मध्ये लंडनला गेलेले विद्यार्थी सावरकर 8 जुलै 1910 ला मार्सेलिसच्या बंदरात बोटीतून उडी मारतात ती कशासाठी? शेजारच्या देशाच्या भूमीला पाय लागला की तिथला कायदा आपल्याला आश्रय देईल, या हिशेबानं! फ्रेंच पोलिसानं त्यांना इंग्रजांच्या हवाली केलं. फेब्रुवारी 1911 मध्ये हेगच्या लवादानं इंग्लंडनं त्यांना परत द्यायची गरज नाही असा निकाल दिला. आपल्याकडे ही उडी चौथीतल्या पोराला पाठ असते. पण त्या किनाऱ्यावरचा पोलीस चुकला, असं म्हणताना आपण काय म्हणतोय याचा विचार कोणी करत नाही. आश्रय मागणाऱ्याला त्याचं ऐकून न घेता परत द्यायचं नसतं, हेच आपण म्हणत असतो. सावरकरांबद्दल तुमचं मत काहीही असो, त्या दिवशीचा तो पोलीस तुम्हाला आवडत नाही ना? मग आज तुम्ही त्याच्याच जागी उभे आहात.

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भातलं, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. अमेरिकेत शेतकी शिकायला गेले, गदर चळवळीत पडले, इंग्रजांच्या राज्यात परत यायची सोय राहिली नाही. देशोदेशी फिरून 1924 मध्ये मेक्सिकोला पोचले. मेक्सिकोनं 'आम्ही काय धर्मशाळा आहोत?' असं विचारलं नाही. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात नोकरी दिली. या माणसानं तिथे मक्याच्या वाणांवर काम केलं आणि दिएगो रिवेरासारख्या चित्रकारानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात बसवलं. 2022 मध्ये आपले लोकसभाध्यक्ष तिथे जाऊन त्यांच्या पुतळ्याचं अनावरण करून आले. म्हणजे दुसऱ्यानं आपल्या माणसाला ठेवून घेतलं की आपण पुतळा उभा करतो.

दुसरा मुद्दा, 'आपलीच लोकसंख्या काय कमी आहे, यांना कुठे ठेवायचं?' ऐकायला बिनतोड वाटतो. पण 1943 मध्ये, दुष्काळ आणि महायुद्ध एकाच वेळी चालू असताना, कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश लोकांची वसाहत उभी राहिली, त्यांत बायका-मुलंच जास्त. ते 1948 पर्यंत राहिले. आपल्या विदर्भात, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत 1972 पासून आहे. थंडीत त्यांच्याकडून स्वेटर आपण घासाघीस करून घेतो, त्यांनी आपलं काय खाल्लं? 1971 मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोट माणसं आली. तेव्हा पाच पैशांचं 'शरणार्थी सहायता'चं जादा तिकीट लागायचं. आमच्या दादांच्या पेटीतल्या जुन्या पत्रांवर ते मी पाहिलंय. तेव्हाचा मेहकरचा माणूस आजच्यापेक्षा श्रीमंत होता काय?

आणि कायदा म्हणजे सगळ्यांना आत घेणं असं कोणी सांगितलं? कायदा असला तर 'नाही' म्हणता येतं, कारण देऊन म्हणता येतं.

तिसरा मुद्दा, 'यांच्यात अतिरेकी कोण ते कसं कळणार?' आश्रयाच्या प्रक्रियेनंच कळेल ना! बोटांचे ठसे, मुलाखती, कुठल्या गावचा, कोणाला ओळखतो, सगळं तपासतात. याउलट आजची पद्धत बघा, दुसऱ्या एम.ए.ची फी भर आणि राहा. फीची पावती कुठल्या सुरक्षेची तपासणी करते?

चौथा मुद्दा, 'सीएए आहे की'. आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन लोकांसाठी, आणि तेही 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांसाठी. हा मुलगा मुसलमान, म्हणून त्यात बसत नाही. पण 2021 मध्ये काबूलचा गुरुद्वारा सोडून पळालेला शीखसुद्धा त्या तारखेत बसत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

आणि आता सगळ्यात अवघड जागा, पासपोर्टची. दिल्लीतली जुन्या अफगाण सरकारची वकिलात 2023 मध्ये बंद झाली. नोव्हेंबर 2024 मध्ये तालिबाननं मुंबईत आपला प्रतिनिधी नेमला. हा गृहस्थ कोण? दिल्लीच्या साउथ एशियन युनिव्हर्सिटीत शिकलेला, म्हणजे एके काळी भारतात शिकायला आलेला अफगाण विद्यार्थीच! ऑक्टोबर 2025 मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत आले. त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेला बायका-पत्रकारांना प्रवेश नव्हता म्हणून ओरड झाली, ती आठवत असेल. त्या दौऱ्यापाठोपाठ आपण काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. शेजाऱ्याशी संबंध ठेवावे लागतात, मला मान्य आहे. राजकारण तसंच चालतं. पण या पोराचं काय? पासपोर्टचं काम म्हणजे ज्यांच्या भीतीनं तो परत जात नाही त्यांच्याच माणसापुढे जाऊन नाव, बापाचं नाव, गाव आणि पुण्याचा पत्ता लिहून द्यायचा. नाही दिला तर पासपोर्ट संपणार, पासपोर्ट संपला की व्हिसा वाढणार नाही, व्हिसा संपला की तो बेकायदा. हे मला भाऊबीजेच्या त्या फोनवर त्यानं सांगितलं, अगदी हिशेब सांगितल्यासारखं.

काबुलीवाला सिनेमा टीव्हीवर लागला की आपल्या घरात सगळे डोळे पुसतात. बलराज साहनीसाठी रडायला काही खर्च नाही.

आता भाच्याला. तू हे वाचतोस हे मला माहीत आहे, म्हणून इथेच लिहितो.

बाळा, तुझी अडचण खोटी नाही. कर्ज खरं आहे, सोयाबीनचा भाव खरा आहे, आई रात्री झोपत नाही हेही खरं आहे. आपल्या जिल्ह्यात कर्जापायी माणसं जीव देतात, त्यामुळे 'जिवाला धोका' हे शब्द मी हसण्यावारी नेणार नाही. पण तो अर्ज वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या गटात असणं किंवा राजकीय मत, यांपायी ज्याच्या मागे माणसं लागली आहेत त्याच्यासाठी असतो. तुझ्या मागे बँक लागली आहे. तिथल्या निर्वासित मंडळाकडे 2024 च्या अखेरीस अडीच लाखांहून जास्त अर्ज पडून होते. त्या रांगेत तू उभा राहिलास की तुझ्या मागे एखादी अफगाण मुलगी उभी असणार. तुझ्यामुळे तिचा नंबर लांबणार. तेवढ्यानं संपत नाही. तुझ्यासारख्यांच्या रचलेल्या गोष्टी ऐकून ऐकून समोरचा अधिकारी विटणार, आणि ती खरं सांगायला लागेल तेव्हा तो म्हणेल, हेही ऐकलेलं आहे. 2024 मध्ये त्यांच्या मंत्र्यानंच उघडपणे म्हटलं की आश्रयाचे अर्ज करणारे विद्यार्थी वाढताहेत ही काळजीची गोष्ट आहे. खोट्याची किंमत एजंट भरत नाही, तूही भरत नाहीस, ती मुलगी भरते. आणि ज्या देशाच्या नावानं तू लिहून देशील की इथे माझा जीव घेतात, तिथे तुझी आई तुझी वाट बघत असेल.

अर्ज करू नकोस. परत यायचं तर ये. लाज कसली? कर्जातला माझा वाटा मी उचलतो, आकडा तुझ्या आईशी बोलून ठरवू, इथे लिहीत नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला म्हणून गेलो तो धर्मशाळेपाशी थांबलो. खूप दिवसांनी गेलो होतो. खांबांना हात लावून बघितला. ज्यानं बांधली त्यानं येणाऱ्याची जात, देश, कोर्स विचारला असेल की नाही कोण जाणे, पण रात्री येणारा माणूस येणारच हे त्यानं धरून ठेवलं होतं. सरकारनं एवढंच धरावं, आणि वहीत एक पान ठेवावं, माझी मागणी याहून मोठी नाही.

घरी येऊन पुण्याला फोन लावला. वन-आरके दोन महिने रिकामीच होती. म्हटलं, ये परत, भाडं जुनंच. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "अंकल, फॉर्म सी पुन्हा भरावा लागेल. चोवीस तासांच्या आत."

भरला.

असो. फार लांबलं. काका, पुढच्या रविवारी येतो, तेव्हा तोंडावर काय ते बोला. आणि ताई, रागावली असशील तर लिहू नकोस, फोनच कर.